वाटेत काय दिसलं?

वैजयंतीबाई ढवळे वर्गावर जायच्या आधी चपला दाराबाहेर काढत. आता वर्ग म्हणजे साताऱ्यातल्या त्यांच्याच घराची मागची खोली होती. घरातल्या घरात घातलेल्या सपाता उंबऱ्याशी काढून ठेवायचं तसं काही कारण नव्हतं. पण कुसरमाळच्या शाळेत मुलं चपला ओळीने बाहेर ठेवून आत येत, आणि मुलांनी काढायच्या तर बाईंनीही काढायच्या, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. पुढे शाळेचं छप्पर बदललं, सरकारं बदलली, बाईंचे केस पांढरे झाले, निवृत्ती आली आणि निवृत्तीनंतर पुन्हा बोलावणंही आलं. चपलांचं तेवढं बदललं नाही.

साडेदहाला समोरच्या भिंतीवरचा पडदा उजळे आणि कोयनेच्या जलाशयापलीकडची कुसरमाळची शाळा त्यांच्या खोलीत येऊन बसे. मुलं पुरती, जिवंत उंचीची दिसत. पुढच्या पोराचं वाहतं नाक दिसे, खिडकीबाहेरच्या जांभळाची सावली फरशीवर हलताना दिसे. तिकडच्या भिंतीवर बाईसुद्धा अशाच पुरत्या दिसत, म्हणून बाई घरातल्या घरात इस्त्रीची साडी नेसत आणि पदराला पिन लावत.

त्यांच्या वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायचं नसे. मुलं लांबलांबच्या धनगरवाड्यांतून रानातली पायवाट तुडवत येत. म्हणून नाव पुकारलं की वाटेत काय दिसलं ते सांगायचं. ज्याला काहीच दिसलं नाही, तो अजून घरीच झोपलाय असं समजून बाई त्याला दाराबाहेर पाठवत, "जा, नीट बघून ये."

"स्वराज आखाडे."

"बाई, गव्याचा पो पडला होता. वाफ येत होती त्याच्यातून."

"म्हणजे गवा तिथंच कुठंतरी असणार. एकटा आलास?"

"नाय बाई, कुत्रं होतं."

"कुत्रं पळालं असतं आधी. उद्यापासून दादाबरोबर यायचं. हं, सारिका कोकरे."

वर्ग खदखदून हसे. तिसऱ्या रांगेतली एक काळीसावळी, धीट मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राही.

"बाई, सारिका माझ्या आईचं नाव! मी नक्षत्रा झोरे."

"तेच म्हणतेय मी. काय दिसलं?"

हे रोजचं होतं. बाई मुद्दाम करत नव्हत्या. डोळ्यांसमोर ती मुलगी उभी राहिली की जिभेवर तिच्या आईचंच नाव येई, तेही माहेरच्या आडनावासकट.

सारिका कोकरे बाईंकडे शिकली त्या साली मोठी साथ आली होती आणि शाळांना कुलपं लागली होती. बाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. स्वयंपाकघरात ओट्यावर पोळपाट उभा करून त्याला फोन टेकवायचा आणि समोर स्टुलावर बसून शिकवायचं. मागे कुकरच्या शिट्ट्या. पडद्यावर इवलेइवले चौकोन, त्यातली निम्मी तोंडं गोठलेली. "ऐकू येतंय का?" हे वाक्य त्या वर्षी बाई जितक्या वेळा बोलल्या, तितक्या वेळा देवाचं नावही त्यांनी घेतलं नसेल. कुसरमाळला गावात रेंज नव्हती. बारा वर्षांची सारिका बापाचा फोन घेऊन डोंगरमाथ्यावर, वरच्या सड्यावरच्या सपाट दगडावर चढायची, एका हातात छत्री धरून बसायची, आणि चित्रात मध्येच शेळीचं तोंड यायचं. "बाई, तुमी अडाकला!" ती ओरडायची. मग बाई अर्ध्यात थांबायच्या, पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. त्रास होता खरा. पण तुटलं की तुटलेलं कळायचं. दोन्हीकडची माणसं हातातलं काम टाकून एकमेकांना हाका मारायची.

आता तुटत नव्हतं. ती बाईंच्या मुलीची, अस्मिताची करामत होती.

अस्मिता पुण्याला दूरशाळा मंडळात इंजिनिअर होती. तिने आईला समजेल अशा भाषेत ती गोष्ट सांगितली होती. "आई, तू 'आटपाट' म्हणालीस की मी मनात 'नगर होतं' म्हणून मोकळी होते की नाही? यंत्र तेच करतं. तुझा चेहरा, आवाज, हातवारे, तू फळ्याकडे कशी वळतेस, सगळं महिनोन्‌महिने बघून ते तुझा साचा बनवतं. तो साचा मुलांच्या शाळेतल्या पेटीत बसलेला असतो. लाइन अर्धा सेकंद तुटली की तेवढ्यात तू काय बोलली असतीस ते ती पेटी स्वतःच ताडून दाखवते. लाइन आली की पुन्हा खरी तू. आणि मुलांचे साचे तुझ्या पेटीत. त्यांची बाजू तुटली तर ती तुला दिसतात, त्यांना तू दिसतेस. जोड कळत नाही."

"म्हणजे रफू," बाई म्हणाल्या होत्या. लहानपणी बाजारपेठेत एक म्हातारा रफूगार बसायचा, तो त्यांना आठवला. भिंग लावून तो कोटाच्याच कडेचे धागे उपसायचा आणि भोक असं विणायचा की कोटाच्या मालकालाही सापडू नये.

अस्मिताला ते नाव इतकं आवडलं की मंडळाने तेच ठेवलं. पुढे रफू शहाणं होत गेलं. अर्ध्या सेकंदाचे दहा सेकंद झाले, दहा सेकंदांचा तास झाला. माणसाचं अडखळणं, खोकणं, चुकणं ते गाळून टाकी, कारण चुकांचा काही नेम नसतो आणि साच्यात फक्त नेमाचं बसतं. सुरुवातीला रफू चालू असलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका लागे. मुलं धड्याऐवजी ठिपक्याकडेच बघतात अशी तक्रार शिक्षकांनी केली. ठिपका काढायचा ठराव अस्मितानेच मांडला होता.

आणि आता मंडळाला बाईंचा साचा कायमचा हवा होता. जिथे कुणी शिक्षक जायला तयार नाही अशा चाळीस वाड्यांवर तो शिकवणार होता. बाई दमल्या तरी, आजारी पडल्या तरी, आणि नंतरही. बाईंनी फक्त कॅमेऱ्यासमोर नाव सांगून 'मान्य आहे' म्हणायचं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर म्हणा, असं मंडळाने सुचवलं होतं.

"आई, तुझ्यासारखं कुणी शिकवत नाही," अस्मिता म्हणाली. "तुझ्यामागे ते सगळं असंच जाऊ द्यायचं?"

बाईंनी विचार करून सांगते म्हटलं. पण मनातून त्या तयार झाल्या होत्या. गुडघे बोलत होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. शिवाय, खोटं कशाला बोला, आपण नसू तेव्हाही कुठल्यातरी डोंगरात साडेदहाला आपण हजेरी घेत असू, या कल्पनेने त्यांना गुदगुल्या होत होत्या. वर्गही अलीकडे दृष्ट लागावी असा झाला होता. मुलं ढकलाढकल करत नव्हती. हात वर केल्याशिवाय कुणी बोलत नव्हतं. नक्षत्रासुद्धा उलट प्रश्न विचारेनाशी झाली होती. वय झालं तशी आपली शिकवायची हातोटी वाढली, असं बाईंनी मनाशी धरलं होतं.

नवरात्राच्या घटस्थापनेआधी, एका सकाळी हजेरी चालू होती.

"सारिका कोकरे."

वर्ग हसला. नक्षत्रा उभी राहिली. "बाई, सारिका माझ्या आईचं नाव. मी नक्षत्रा झोरे. वाटेत कारवी फुलली होती. डोंगर निळा झालाय नुसता."

"वा! बस," बाई म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारायला गेल्या. ते नाव तोंडातच राहिलं.

कारवी गेल्या वर्षी फुलली होती. सात वर्षांनी फुलते ती, आणि एकदा फुलली की संपते. उरतात त्या नुसत्या वाळक्या काठ्या. गेल्या वर्षी हीच पोरगी रोज उठून कारवीचंच सांगायची, म्हणून बाईंनी तिला दटावलं होतं, "आता जरा दुसरं काहीतरी बघ." या वर्षी डोंगर निळा कुठून व्हायचा?

"नक्षत्रा, उभी राहा. पुन्हा सांग, कारवी कुठं बघितलीस?"

"सड्यावर, बाई. डोंगर निळा झालाय नुसता."

तोच सूर, तोच हेल, 'नुसता' म्हणताना मान तेवढीच वाकडी. बाईंनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. मुलं शहाण्यासारखी बसली होती. फरशीवर जांभळाची सावली हलत होती. त्यांनी तोंडाला येईल ते विचारलं, "स्वराज, माझी साडी कुठल्या रंगाची आहे रे?"

"छान आहे, बाई," स्वराज म्हणाला.

बाईंनी पुढचा तास घेतला. सवयीने घेतला. काय शिकवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे अस्मिताचा फोन आला. पडद्यावर तिचा हसरा चेहरा आला आणि बाई तो निरखून बघू लागल्या. रफू आता घराघरांतल्या फोनमध्येही आलं होतं. अलीकडे अस्मिता किती शांतपणे ऐकून घेते, मध्ये बोलत नाही, घाई करत नाही. ती मोठी झाली म्हणून, की...

"अस्मिता," बाई सावधपणे म्हणाल्या, "या कुर्त्यात तू जरा जाड दिसतेस गं."

"असेल," अस्मिता हसून म्हणाली.

बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. "आणि केस कशाला कापलेस इतके? लांब वेणी किती शोभायची तुला. तुझ्या सासूबाईसुद्धा म्हणत होत्या..."

"आई, पुरे हं! दिवसभर डोकं पिकवून घरी आलेय, त्यात तुझी वेणी! बेचाळीस वर्षांची बाई आहे मी! आणि माझ्या सासूबाई काय म्हणतात ते तू मला सांगू नकोस!"

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चिडलीस ना? बरं झालं बाई. चिडत जा अशीच."

"तुला झालंय काय आज?"

मग बाईंनी कारवीचं सांगितलं. अस्मिताला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही, एखादं झुडूप राहिलं असेल मागे, असं ती म्हणाली. "एका झुडपाने डोंगर निळा होत नाही," बाई म्हणाल्या. तेव्हा ती सरसावून बसली. तिने दुसरा पडदा उघडला, बोटं चालवली, कुणालातरी विचारलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आई... कुसरमाळची लाइन गौरी-गणपतीपासून बंद आहे. दरड कोसळून केबल तुटलीय. टॉवर त्याच केबलवर होता, तोही गेला. आमच्या फलकावर तुझा वर्ग हिरवाच दिसतोय. रफू चालू असलं की वर्ग चालू, असं धरलंय आम्ही."

"गौरींपासून? मग इतके दिवस मी कुणाला शिकवत होते?"

अस्मिता दुसऱ्या पडद्याकडे बघत राहिली.

"आणि तिकडे? मुलांना कोण शिकवत होतं?"

"तू," अस्मिता अगदी हळू म्हणाली. "म्हणजे, तुझा साचा."

दोघी बामणोलीहून लाँचने निघाल्या. वाऱ्यापावसाने इतके दिवस बंद असलेली लाँच नुकतीच सुरू झाली होती. दुरुस्तीचं सामान घेऊन मंडळाची माणसं मागाहून येणार होती, पण अस्मिताला धीर नव्हता आणि बाईंना तर मुळीच नव्हता. जलाशय काठोकाठ भरला होता. बाई पुढच्या फळीवर पदर कानांवरून घेऊन बसल्या. याच पाण्यावरून त्या पहिल्यांदा नोकरीवर आल्या तेव्हा एका मांडीवर ट्रंक होती आणि दुसऱ्या मांडीवर तापाने फणफणलेली अस्मिता. लाँचवाल्याने इंजिनाजवळ उबेला जागा करून दिली होती.

"आठवतं का तुला काही?" त्यांनी विचारलं.

"डिझेलचा वास आठवतो," अस्मिता म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "आई, तू 'मान्य आहे' म्हणणार आहेस ना? हे बिघडलं ते ठिपक्यामुळे. ठिपका परत लावू. त्यासाठी सगळंच सोडून द्यायला नको."

"आधी मुलं बघू दे."

डोंगराच्या अंगावर फुलून गेलेल्या कारवीच्या काठ्या उभ्या होत्या, वाळलेल्या, करड्या. निळं कुठेच काही नव्हतं.

धक्क्यापासून शाळेपर्यंतचा चढ बाईंनी बसत उठत चढला. शाळेचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर एकही चप्पल नव्हती. बाईंनी मात्र सवयीने आपल्या चपला काढल्या, दार ढकललं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

आत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक काळं घोंगडं टांगलेलं होतं. आणि घोंगड्याआडून बाईंचा स्वतःचा आवाज येत होता, स्वच्छ, न खोकता, न अडखळता.

"...म्हणजे एका भाकरीचे चार भाग केले, त्यातले तीन स्वराजला दिले, तर उरले किती? शाब्बास! आता वहीत लिहा..."

रिकाम्या खोलीत धूळ पडलेल्या फरशीवर तो आवाज फिरत होता. बाई ऐकत राहिल्या. भाकरीचं उदाहरण त्यांचंच होतं. 'शाब्बास' म्हणायच्या आधीचा थांबासुद्धा त्यांचाच होता. फक्त शाब्बास कुणाला म्हणायचं ते कुणी तिथे नव्हतं. आणि गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या खोलीत त्यांनी जेव्हा हेच सांगितलं होतं, तेव्हाही कुणी नव्हतं. एक साचा इथे शिकवत होता, नऊ साचे तिथे शिकत होते, आणि वर्ग हिरवा होता.

अस्मिता पुढे झाली. तिने घोंगड्याचं टोक उचललं. आतून आईचा चेहरा हसून तिच्याकडे बघत होता.

"कोण हाय तिथं?" बाहेरून कुणीतरी खेकसलं. "त्याला हात लावू नगा!"

दारात एक वाकलेली म्हातारी काठी टेकत उभी होती. नक्षत्राची आजी, ठकूबाई झोरे. तिने अस्मिताला पाहिलं, मग बाईंना पाहिलं. काठी तिच्या हातातून सुटली आणि फरशीवर आपटली.

"आगं माज्या म्हाळसाई! बाई?"

"मीच. ठकूताई, मुलं कुठंयत?"

म्हातारीने आधी पुढे होऊन बाईंचा दंड चाचपला. मग मनगट धरलं. मग बाईंच्या पायांकडे बघितलं आणि तिथेच खाली बसली. "हाडामासाची हाय," ती स्वतःशीच म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

तिच्याकडून कळलं ते असं. गौरी गेल्या, दरड आली, टॉवर बंद पडला. पण भिंतीवरच्या बाई चालूच होत्या. पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी नक्षत्रा घरी येऊन गप्प बसली. आईने विचारलं तर म्हणाली, "बाई मला नक्षत्रा झोरे म्हणाल्या."

"मग तेच नाव की तुजं," आई म्हणाली.

"पण बाई कधी म्हणत नाहीत."

तिसऱ्या दिवशी ती शाळेत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, वाटेत काहीच दिसलं नाही. मी डोळे मिटून आले." आणि भिंतीवरच्या बाई म्हणाल्या, "वा! बस." त्यांनी तिला दाराबाहेर पाठवलं नाही. तेव्हा पोरगी रडत घरी आली. वाड्यावरच्या मोठ्या माणसांनी विचार केला. लाँच बंद, फोन बंद, विचारायचं कुणाला? बाईंचं वय झालेलं. सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि कुणी ते मुलांसमोर बोललं नाही.

"आमाला वाटलं, बाई गेल्या," ठकूबाई म्हणाली. "आन्‌ सरकारनं त्यांचा फोटू चालू ठेवलाय. गेल्या मानसाचं बोलनं लेकरांनी ऐकू नये. बंद कसं करायचं त्ये म्हाईत न्हवतं, म्हनून ह्यांचं घोंगडं टांगलं. रोज सांजचं दार लोटून जात्ये मी. आत बाई येकट्याच बोलत असत्यात. जीव तुटतो."

बाई घोंगड्याकडे बघत राहिल्या. आपण गेल्यावर काय होईल ते त्या उघड्या डोळ्यांनी बघून बसल्या होत्या. ही खोली, हे घोंगडं आणि आत आपला न थकणारा आवाज.

"अस्मिता, बंद कर ते."

अस्मिताने घोंगडं तसंच धरून ठेवलं होतं. तिचा हात कळीपर्यंत गेला आणि थांबला. पडद्यावरची आई प्रेमाने म्हणत होती, "नाही जमलं? पुन्हा बघू या."

"आई, मी हे मंडळासाठी नाही केलं गं," अस्मिता म्हणाली. "तू नसशील तेव्हा मला... मी कुणाला फोन करू संध्याकाळी?"

बाई तिच्याजवळ गेल्या. लहानपणी ताप बघायच्या तसा तिच्या कपाळावर हात ठेवला.

"माझ्या आईला रफू येत नव्हतं. ती ठिगळ लावायची. निळ्या परकराला पिवळं ठिगळ. मला लाज वाटायची. पण तिच्यामागे ते ठिगळच हातात घेऊन बसायचे मी, परकर नाही. तुझ्या यंत्रावर राग नाही माझा. अर्धा सेकंद तुटलं तर जोडू दे की खुशाल. पण माणूस नसेल तर पडदा काळा होऊ दे. कळू दे मुलांना. कळलं की ती काहीतरी करतील. हाका मारतील. आणि ही मुलं, बाई मेल्या म्हणून शाळा सोडून घरी बसली का? कुठंयत मुलं, ठकूताई? तेवढं सांगितलंच नाहीत."

"वरच्या सड्यावर," ठकूबाई म्हणाली. "सून शिकिवती."

अस्मिताने डोळे पुसले आणि कळ दाबली. आवाज मध्येच, 'शाब्बास'च्या अर्ध्यावर, तुटला. खोलीत एकदम बाहेरच्या जांभळावरचा बुलबुल ऐकू यायला लागला.

"मंडळाला काय सांगू?" तिने विचारलं.

"सांग, आई मान्य नाही म्हणाली. आणि इथं शिकवायला एक बाई आहे, तिला नेमा म्हणावं. तिला नेमेपर्यंत आठवड्यातून दोनदा मी लाँचने येईन."

"या गुडघ्यांनी?"

"झालं तुझं सुरू! गुडघे माझे आहेत."

सड्यावरचा सपाट दगड बाईंनी कधी पाहिला नव्हता. त्या साथीच्या वर्षी इवल्याशा चौकोनात, छत्रीच्या कडेने, त्याचा एक कोपरा तेवढा दिसायचा. आता तो पुरता समोर होता, ऐसपैस, उन्हाने तापलेला, आणि त्याच्या कडेला चपलांची एक सरळ ओळ होती. दगडावर कोळशाने भाकरी काढली होती, तिचे चार भाग केले होते. मुलं भोवती बसून भांडत होती.

"तीन भाग त्यालाच का म्हनून? मला का न्हाई?"

"गप ए! उदाहरण हाय त्ये!"

मध्ये उभ्या असलेल्या बाईच्या हातात कारवीची काठी होती. तिने भागांवर काठी ठेवली, मान वर केली आणि तिला वैजयंतीबाई दिसल्या. काठी तशीच राहिली. तेहतीस वर्षांची सारिका आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसारखी तोंड उघडं टाकून उभी राहिली.

मुलं वळली. कुणी पुढे आलं नाही. धाकटी दोघं तर सारिकाच्या लुगड्याआड गेली. बाई त्यांना भिंतीवर दिसत त्यापेक्षा वाकलेल्या होत्या, साडी चुरगळलेली होती, पिन कुठेतरी पडली होती, आणि त्या धापा टाकत होत्या. नक्षत्रा सगळ्यांच्या मागे, हात कमरेवर ठेवून, डोळे बारीक करून बघत होती. एकदा फसलेली पोर होती ती. सहजासहजी मानणार नव्हती.

बाईंना तिची ती नजर कळली. पण काय करावं ते सुचेना. मी खरी आहे, हे कुणी कुणाला कसं सांगायचं? त्यांनी दगडापाशी चपला काढल्या, ओळीच्या शेवटी ठेवल्या, कडेवर टेकल्या, खोकून घसा साफ केला आणि जे येत होतं तेच केलं.

"स्वराज आखाडे."

"बाई," स्वराज घाबरत म्हणाला, "वाटेत... वाटेत साळिंदराचं पीस पडलं होतं."

"दाखव. खिशात असेलच तुझ्या. हं, बरं."

मग त्यांनी मागे, कमरेवर हात ठेवलेल्या त्या काळ्यासावळ्या मुलीकडे पाहिलं. नाव आठवायचा त्यांनी अगदी मनापासून प्रयत्न केला. आज तरी चुकायचं नाही, असं ठरवून त्या म्हणाल्या,

"सारिका कोकरे."

क्षणभर सड्यावर कुणी हललं नाही. थोरली सारिका तोंडावर पदर धरून हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मग नक्षत्राचे हात कमरेवरून खाली आले. ती आपल्या बाईंसमोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

आज तिने नाव दुरुस्त केलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "वाटेत बाई दिसल्या."